दोन तासांचं पाणी, तीन दिवसांचं पाणी

प्रश्न असा आला आहे: पंचगंगेच्या खोऱ्यातलं, कोल्हापूर जिल्ह्यातलं एक गाव. गावाला मोठ्या रस्त्याशी जोडणारा साडेतीन किलोमीटरचा डांबरी रस्ता एका ओढ्यापाशी दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो. वर्षाला पाच-सहा वेळा. कधी दोन तास, कधी तीन दिवस. एसटी बंद, दुधाची गाडी बंद, पोरांची शाळा बंद. ग्रामपंचायत जिल्हा परिषदेकडे बोट दाखवते, जिल्हा परिषद बांधकाम खात्याकडे आणि बांधकाम खातं पाटबंधाऱ्याकडे. नव्याने निवडून आलेले एक सदस्य विचारतात की कायद्याने ही जबाबदारी नेमकी कोणाची, आणि रस्ता उंच करण्याचा ठराव येत्या ग्रामसभेत घ्यावा का?

मी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो आणि उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. अशा तक्रारींना उत्तरं लिहिण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यातली काही उत्तरं निव्वळ टोलवाटोलवीची होती, हे आधीच कबूल करतो. त्यामुळे टोलवाटोलवी कुठे सुरू होते आणि ती कशी अडवायची, हे मला दोन्ही अंगांनी माहीत आहे.

पहिल्यांदा ठरावाचं. तो ठराव अजून घेऊ नका. तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेलात: 'कधी दोन तास, कधी तीन दिवस'. एकाच जागी येणारं पाणी दोन तासांत ओसरतं आणि कधी तीन दिवस हलत नाही, याचा अर्थ तिथे दोन वेगवेगळी पाणी येतात. एक ओढ्याचं, वरून येणारं. दुसरं नदीचं, खालून चढणारं. दोन्हींची कारणं निराळी, उपाय निराळे, खाती निराळी. आजवर तुमच्या गावाने दोन्हींची एकच तक्रार केली असणार आणि म्हणूनच प्रत्येक खात्याला 'हे आमचं नाही' म्हणायला जागा मिळाली. खरं सांगायचं तर प्रत्येक जण अर्धं खरं बोलत होता.

ही दोन पाणी ओळखायची कशी? ओढ्याचं पाणी गढूळ, वेगाचं, आवाज करणारं असतं. डोंगराकडे जोराचा पाऊस झाला की तास-दोन तासांत येतं, रस्त्यावरून आडवं वाहतं, साइडपट्टी खणून नेतं, डांबराच्या खपल्या काढतं आणि निघून जातं. नदीचा फुगवटा वेगळाच. तो गुपचूप येतो. तुमच्या रस्त्याखालच्या मोरीच्या नळ्यांतून पाणी उलट्या दिशेने, खालच्या अंगाकडून वरच्या अंगाला चढताना दिसेल. तुमच्याकडे त्या दिवशी ऊन पडलेलं असेल, पण दोन दिवसांपूर्वी राधानगरी-गगनबावड्याकडे धो धो पडलेलं असेल. पाणी संथ असतं, त्यावर पालापाचोळा आणि जलपर्णी तरंगते, आणि ते नदी उतरल्याशिवाय जात नाही.

म्हणून या पावसाळ्यात एक वही करा. पाणी रस्त्यावर कधी चढलं, कधी उतरलं, खोली किती, कोणत्या बाजूने आलं, एवढंच लिहायचं. त्याच्या शेजारी दोन आकडे. पहिला तुमच्या महसूल मंडळातला त्या दिवसाचा पाऊस; तो कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर मिळतो आणि २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला की सरकारच्या लेखी ती अतिवृष्टी. दुसरा आकडा पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी. ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका हे कोल्हापूरकराला पाठ असतं, पण तुमच्या रस्त्याचा स्वतःचा आकडा तुम्ही काढला पाहिजे. नदीकाठच्या गावांत म्हातारी माणसं सांगतात ना, राजारामला इतके फूट झाले की आपल्या फरशी पुलावर पाणी? तसाच. तो आकडा वहीत तीन-चार वेळा जुळला की नदीच्या पाण्याबद्दल कोणी वाद घालू शकत नाही. मोबाइलवर तारीख-वेळेसह फोटो काढा, शक्यतो एकाच जागेवरून, एखादा विजेचा खांब किंवा दगड चौकटीत ठेवून. माझ्या टेबलावर आलेल्या तक्रारींत 'दरवर्षी पाणी येते' असं शंभर सह्यांनिशी लिहिलेलं असायचं. तारखांची अर्धी वही सोबत असती, तर ती फाईल बाजूला सारणं मला जड गेलं असतं.

आता जबाबदारी. आपल्याकडे रस्त्याची मालकी त्याच्या वर्गावरून ठरते. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचे, मग ते प्राधिकरणाकडे असोत किंवा राज्याच्या बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे. राज्य मार्ग, प्रमुख राज्य मार्ग आणि बहुतेक ठिकाणी प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग, म्हणजे इ.जि.मा. आणि ग्रा.मा., जिल्हा परिषदेचे. गावठाणातले अंतर्गत रस्ते आणि गटारं ग्रामपंचायतीची. शेताकडे जाणारी पाणंद महसूल खात्याच्या, म्हणजे तहसीलदारांच्या नजरेखाली येते. तुमचा साडेतीन किलोमीटरचा जोडरस्ता बहुधा ग्रा.मा. किंवा इ.जि.मा. असणार, म्हणजे जिल्हा परिषदेचा. पण 'बहुधा' वर थांबू नका. रस्त्याचा क्रमांक लेखी मिळवा.

यात दोन खाचखळगे आहेत, आणि लोक इथेच अडकतात. पहिला दर्जोन्नतीचा. आमदारांच्या प्रयत्नाने ग्रामीण मार्ग प्रमुख जिल्हा मार्ग झाला, गावात फटाके वाजले, पण जिल्हा परिषदेने तो प्रत्यक्ष हस्तांतरित केलेला नाही. मग जिल्हा परिषद म्हणते आमच्या यादीतून गेला, बांधकाम म्हणतं आमच्या ताब्यात आला नाही. अशा रस्त्याच्या मोऱ्या तीन-तीन वर्षं कोणी साफ करत नाही. दुसरा खाचखळगा योजनाबाह्य रस्त्याचा. रस्ते विकास आराखड्यात ज्याची नोंदच नाही, त्याला क्रमांक नसतो, आणि क्रमांक नसलेल्या रस्त्याला देखभालीचा पैसा टाकायला लेखाशीर्षच सापडत नाही. तुमचा रस्ता यांपैकी एक निघाला, तर पाण्याच्या आधी तो कागद सरळ करावा लागेल.

आणखी एक बघा. रस्त्याच्या तोंडाशी प्रधानमंत्री किंवा मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेचा फलक आहे का? असला तर त्यावर काम पूर्ण झाल्याची तारीख आणि पाच वर्षांच्या देखभालीचा उल्लेख असतो. त्या काळात मोऱ्यांची तोंडं मोकळी ठेवणं, साइडपट्ट्या भरणं ही ठेकेदाराची कराराने बांधलेली कामं असतात. ती करून घेणं संबंधित कार्यकारी अभियंत्याचं काम. फलक गंजला असेल, झुडपात पडला असेल. शोधा.

संविधानाचंही एक वाक्य सांगतो, कारण सभेत उपयोगी पडतं. ७३व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवायच्या २९ विषयांपैकी १३वा विषय रस्ते, मोऱ्या, पूल आणि जलमार्गांचा आहे. मोरी हा शब्द तिथे रस्त्याइतक्याच मानाने आला आहे. आमच्या खात्यात मात्र मोरीला मान नाही. डांबराचं उद्घाटन होतं, नारळ फुटतो, मोरी साफ केल्याचा फोटो कोणी काढत नाही. पूर्वी मैलकुली असायचे, ठरावीक लांबीचा रस्ता एका माणसाच्या अंगावर असायचा. खोरं-पाटी घेऊन तो मे महिन्यात नळ्यांतला गाळ उपसायचा आणि कोणत्या शेतकऱ्याने नळीच्या तोंडाशी काय केलंय हे त्याला घरच्यासारखं माहीत असायचं. ती पदं संपत गेली आणि रस्त्याच्या पाण्याची माहिती असलेला शेवटचा माणूस त्यांच्याबरोबर गेला, असं माझं स्पष्ट मत आहे.

तर ओढ्याचं पाणी, म्हणजे दोन तासांचं. इथे तीन शक्यता असतात: मोरी लहान आहे, मोरी बुजली आहे, किंवा ओढाच बुजवला आहे.

मोरी लहान आहे का हे कागदावर काढता येतं. लहान पाणलोटासाठी आम्ही जे सूत्र वापरतो त्यात पाणलोटाचं क्षेत्र हेक्टरमध्ये, पावसाची तीव्रता तासाला किती सेंटिमीटर आणि जमिनीवरून किती भाग वाहून येतो याचा गुणांक घेतात. त्यांचा गुणाकार करून ०.०२८ ने गुणायचं. समजा तुमच्या ओढ्याला वरून १२० हेक्टरचं पाणी येतं, जमीन चिकण आणि थोड्याफार गवताची आहे म्हणून गुणांक ०.५, आणि जोराचा पाऊस तासाला ६ सेंटिमीटर धरला. उत्तर येतं सेकंदाला जवळपास १० घनमीटर. आता तिथे ९०० मिलिमीटर व्यासाच्या दोन नळ्या असतील, तर दोन्हींचं तोंड मिळून सव्वा चौरस मीटर. पाणी सेकंदाला दोन मीटर वेगाने गेलं तरी अडीच घनमीटर निघतं. १० यायचं आणि अडीच जायचं. उरलेलं साडेसात रस्त्यावरूनच जाणार, दुसरी वाट नाही त्याला. तिथे दोन मीटर रुंद आणि दीड मीटर उंच अशा दोन गाळ्यांची पेटी मोरी टाकली, तर त्याच वेगाने बारा घनमीटर निघतं. हा हिशोब ढोबळ आहे, खरा करताना उतार, खरबरीतपणा, पुराची खूण सगळं बघावं लागतं. पण एवढा ढोबळ हिशोबसुद्धा घेऊन शाखा अभियंत्यासमोर बसलात, तर बोलणं 'बघू' वरून 'पाणलोट खरंच १२० आहे का' वर जातं. तिथे पोचणं हीच अर्धी लढाई.

कित्येक मोऱ्या अशा लहान का राहिल्या, तेही सांगतो. जुन्या रस्त्यांवर नळ्या टाकल्या तेव्हा वरचं रान मोकळं होतं, गवत होतं, बांध होते. नंतर ऊस आला, बांध गेले, घरं झाली, काँक्रीट झालं. पाणी तेवढंच पडतं पण आता ते लवकर खाली येतं. नळ्या मात्र जिथल्या तिथे. आणि रस्त्यावर दर चार-पाच वर्षांनी डांबराचा थर चढत गेला, तरी खालची नळी कोणी मोठी केली नाही, कारण डांबरीकरणाच्या अंदाजपत्रकात 'सीडी वर्क', म्हणजे मोऱ्या-पुलांचं काम, घातलं की किलोमीटर कमी होतात आणि किलोमीटर कमी झालेलं कोणालाच चालत नाही.

मोरी बुजली असेल तर तो शुद्ध देखभालीचा प्रश्न. रस्ता ज्याचा, मोरी त्याची, सफाई त्याची. यात कसलाही वाद नाही. कोणी वाद घातला तर तो वेळ काढतोय असं समजा.

ओढा बुजवला असेल, तर मात्र चित्र पालटतं. रस्त्याच्या खालच्या अंगाला ओढ्याचा शंभर-दोनशे मीटरचा पट्टा नांगरून उसात घातलेला मी अनेकदा पाहिला आहे. कुठे वीटभट्टीची राख टाकून भरून घेतलेला, कुठे नळीच्या तोंडाला मातीची पोती रचलेली, की पाणी माझ्या रानात नको. अशा वेळी तुम्ही कितीही मोठी मोरी बांधा, पाणी जाणार कुठे? इथे रस्त्याचं खातं हतबल असतं, कारण त्याची हद्द रस्त्याच्या कडेला संपते. पण सरकार हतबल नसतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार सार्वजनिक रस्ते, नद्या, नाले हे सरकारचे आहेत. गाव नकाशावर ओढा दाखवलेला असेल आणि जागेवर ऊस असेल, तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घेऊन तहसीलदारांनी तो मोकळा करून द्यायचा. दुसरं हत्यार जुनं आहे, १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम. त्याच्या कलम ५ खाली शेतजमिनीवरच्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कोणी बेकायदा अडवला असेल तर अडथळा काढण्याचा आदेश तहसीलदार देऊ शकतात. पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल व्हावा लागतो, आणि तो ज्याच्या रानात पाणी तुंबतं त्या शेतकऱ्याने करावा, कारण हे कलम जमिनीच्या आणि पिकाच्या नुकसानीभोवती फिरतं. ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर केलेला अर्ज इथे लंगडा पडतो. तिसरा मार्ग सार्वजनिक उपद्रवाचा. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२ आहे. सार्वजनिक वाट किंवा प्रवाहातला बेकायदा अडथळा काढायचा सशर्त आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात. इथे गाव म्हणून जाता येतं.

हे सगळं लिहिताना मला कल्पना आहे की तो ऊस तुमच्याच भावकीतल्या कोणाचा तरी असणार. म्हणूनच तक्रार नेहमी 'शासनाने रस्ता उंच करावा' अशी होते, 'अमक्याने ओढा सोडावा' अशी होत नाही. तुमचं गाव, तुम्ही ठरवा. आधी घरी जाऊन बोलून बघा; मोजणीची नोटीस येण्यापूर्वी दोन सरी सोडून देणारी माणसंही मी पाहिली आहेत.

आता ते रस्ता उंच करणं. माझ्या नोकरीच्या नवव्या-दहाव्या वर्षी एका गावाच्या अशाच मागणीवर मी रस्ता जवळपास एक मीटरने उचलला. पैसे तेवढेच होते, म्हणून नळ्या जुन्याच ठेवल्या. पुढच्या पावसाळ्यात रस्ता कोरडा राहिला, सरपंचांनी पेढे दिले. पण तो रस्ता आता रस्ता राहिला नव्हता, बांध झाला होता. वरच्या अंगाला दहा-बारा एकर ऊस आणि भात चार दिवस पाण्यात उभा राहिला. त्याच मोसमात एका रात्री कोणीतरी जेसीबी लावून रस्ता आडवा फोडला. सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान म्हणून गुन्हा दाखल करण्याची फाईल माझ्याकडे आली. मी जागेवर गेलो, फोडलेल्या ठिकाणी उभा राहिलो आणि बघितलं, तर त्यांनी नेमकं तिथेच फोडलं होतं जिथे मी मोरी द्यायला हवी होती. त्या फाईलवर मी काय लिहिलं ते इथे सांगत नाही. पण तेव्हापासून मोरीचा हिशोब नसलेला भरावाचा प्रस्ताव माझ्या टेबलावरून पुढे गेला नाही.

ही चूक फक्त लहान रस्त्यांवर होते असंही नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला. गगनबावड्याचा रस्ता मांडुकलीजवळ वरचेवर बंद होतो. अशा प्रत्येक वेळी पहिली मागणी येते उंचीची, आणि दुसऱ्या दिवशी वरच्या गावांची प्रतिमागणी येते की भराव नको, कमानी ठेवा, खांबांवर पूल करा. प्रतिमागणी बरोबर असते. पूरपट्ट्यात रस्ता उचलायचाच असेल तर पाण्याला खालून वाट देऊनच उचलायला हवा, आणि तो खर्च भरावाच्या कितीतरी पट असतो.

याचीच दुसरी बाजू अशी की काही फरशी पूल पाण्याखाली जाण्यासाठीच बांधलेले असतात. तुमच्याकडे फरशी म्हणतात, विदर्भात रपटा म्हणतात. कमी रहदारीच्या रस्त्यावर वर्षातून काही वेळा थोडा वेळ पाणी वरून जाऊ द्यायचं आणि पुलाचा खर्च वाचवायचा, हा मान्य प्रकार आहे. तिथे खात्याची जबाबदारी वेगळी होते: दोन्ही कडांना मार्गदर्शक दगड, पाण्याची खोली दाखवणारा रंगवलेला खांब, दोन्ही टोकांना सूचना फलक, पाणी असताना रस्ता अडवण्याची सोय. तुमच्या जागी यातलं काय आहे? काहीच नसेल तर मोरीची वाट न बघता ही मागणी याच महिन्यात करा. याला फार पैसे लागत नाहीत आणि फूटभर वाहत्या पाण्यात मोटरसायकल घालणारा पोरगा वाचतो.

तीन दिवसांच्या पाण्याकडे येऊ. नदीचा फुगवटा मोरी मोठी करून थांबत नाही. उलट मोठ्या मोरीतून तो लवकर आत शिरतो. इथे पाटबंधारे, म्हणजे आताचं जलसंपदा खातं, काही अंशी लागतं. तुमच्या खालच्या अंगाला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आहे का बघा. असेल तर त्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, पावसाळ्यापूर्वी निघाले का, खांबांत अडकलेला ओंडका-जलपर्णी काढली का, ही त्या खात्याची जबाबदारी. बर्गे काढताना तलाठी, पोलीस पाटील यांच्यासमोर नोंद करायला लावा. आणि तुमच्या गावाची वाट जर बंधाऱ्यावरूनच जात असेल, तर एक कटू गोष्ट ऐका: तो बंधारा पाणी अडवण्यासाठी बांधला आहे, वरची वाट हा त्याचा जोडफायदा. तो पाण्याखाली गेला म्हणून जलसंपदा खातं पूल बांधून देणार नाही. पुलाची मागणी रस्त्याच्या खात्याकडेच करावी लागते.

फुगवट्यात रस्ता बुडतो तेव्हाचं मुख्य काम जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ चं कलम ३० या प्राधिकरणावर धोक्याची ठिकाणं ओळखण्याचं आणि विभागांकडून प्रतिबंधक उपाय करून घेण्याचं काम टाकतं. कलम ३४ वाहतूक रोखण्याचे अधिकार देतं. संपर्क तुटणाऱ्या गावांची यादी दर मे महिन्यात होते. तुमचं गाव तिच्यात आहे का? नसेल तर ते पहिलं काम. यादीत असलेल्या गावासाठी आधीच रेशन उचलणं, दिवस भरत आलेल्या बायकांना आधी हलवणं, औषधं, होडी, दूध संकलनाची अलीकडे सोय, हे सगळं मागता येतं. गडचिरोलीत भामरागडला पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर आलं की तालुक्याचा संपर्क तुटतो, म्हणून त्या भागात धान्य पावसाळ्यापूर्वीच पोचवून ठेवतात. आपल्याकडे शहर जवळ असल्यामुळे तीन दिवस तुटणाऱ्या गावाकडे कोणी तेवढ्या गांभीर्याने बघत नाही. कायमचा उपाय मात्र बहुतेक वेळा वरच्या टेकाडावरून जाणारा पर्यायी रस्ता हाच असतो, मग तो दोन किलोमीटर लांबचा का असेना. एखादी जुनी पाणंद त्या दिशेला असतेच. गाव नकाशा उघडून बघा.

पैशाबद्दल. दरवर्षी तुमचा रस्ता वाहतो आणि दरवर्षी पूरहानीतून दुरुस्त होतो, बरोबर? पूरहानीच्या पैशातून वाहून गेलेलं पूर्ववत करायचं असतं, म्हणजे जी मोरी अपुरी म्हणून रस्ता वाहिला, ती तशीच ठेवून वर नवा मुरूम आणि डांबर. पुन्हा जुलै, पुन्हा तेच. माहिती अधिकारात विचारा की अमुक रस्त्याच्या अमुक साखळी क्रमांकावर, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासून मोजलेल्या अंतरावर, गेल्या पाच वर्षांत पूरहानी आणि देखभालीवर किती खर्च झाला. ती बेरीज नव्या मोरीच्या अंदाजपत्रकाशेजारी ठेवली की माझ्यासारख्याला मान खाली घालावी लागते. त्याच अर्जात रस्त्याचा क्रमांक आणि मालकी, मोरीचा नकाशा व पाण्याचा हिशोब, आणि मोरी सफाईच्या नोंदी मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. बऱ्याचदा 'उपलब्ध नाही' असं येतं. ते जपून ठेवा. हिशोब न करता मोरी बांधल्याची किंवा सफाई न झाल्याची ती लेखी कबुलीच असते.

नव्या मोरीसाठी जिल्हा वार्षिक योजना, अर्थसंकल्पातली रस्ते-पुलांची कामं, आमदार निधी हे नेहमीचे मार्ग आहेत. एक कमी वापरला जाणारा मार्ग राज्य आपत्ती सौम्यीकरण निधीचा. १५व्या वित्त आयोगाने राज्याच्या आपत्ती निधीतला २० टक्के भाग सौम्यीकरणासाठी, म्हणजे आपत्ती येण्याआधीच्या कामांसाठी वेगळा काढला. दरवर्षी तुटणाऱ्या गावाचा प्रस्ताव तारखांच्या वहीसह जिल्हाधिकाऱ्यांमार्फत गेला तर त्याला तिथे बसायला जागा आहे. आणि वेळ सांभाळा. लोक जुलैत मोर्चा काढतात, ऑगस्टमध्ये शांत होतात. पुढच्या वर्षीची कामं याद्यांत शिरतात ती दिवाळीनंतर, आणि मार्चपर्यंत सगळं बंद होतं. सर्वेक्षण, लेव्हल घेणं, हेही ओढा कोरडा असतानाच होतं. तुमचं निवेदन नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात टेबलावर हवं.

न्यायालयाचा विचार बरेच जण आधी करतात. शेवटी करा, पण आधार भक्कम आहे. हिमाचलच्या डोंगरी गावकऱ्यांनी रस्त्यासाठी उच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८६ मध्ये न्यायालयाने डोंगरी भागातल्या लोकांसाठी रस्ता हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, निधीची मर्यादा लक्षात घेऊनही. त्याआधी १९८० मध्ये रतलाम नगरपालिकेच्या गटारांच्या खटल्यात 'पैसे नाहीत' ही सबब कायद्याने नेमलेल्या कर्तव्यातून सुटका देत नाही असं ठरलं, आणि तो खटला त्याच कलम १३३ खालचा होता. पण न्यायाधीश तुम्हाला पहिला प्रश्न विचारतील की तुम्ही कोणत्या अधिकाऱ्याकडे, कोणत्या साखळी क्रमांकासाठी, काय मागितलं आणि त्याने काय उत्तर दिलं. त्याचं उत्तर वहीत आणि पोचपावत्यांत असायला हवं.

म्हणून ग्रामसभेत एका ऐवजी दोन ठराव घ्या. पहिला जिल्हा परिषदेच्या कार्यकारी अभियंत्याला उद्देशून, ओढ्यासाठी: 'ग्रा.मा. क्रमांक अमुक, साखळी क्रमांक अमुक येथील मोरीच्या जलवहन क्षमतेची तपासणी करून, पाणलोटाच्या हिशोबासह नवीन मोरीचे अंदाजपत्रक तयार करावे, तोवर १५ मेपूर्वी मोरीची सफाई करून त्याचा पंचनामा ग्रामपंचायतीस द्यावा.' दुसरा जिल्हाधिकाऱ्यांना, नदीसाठी: संपर्क तुटणाऱ्या गावांच्या यादीत समावेश, पर्यायी रस्त्याची पाहणी, खोलीदर्शक खांब व अडथळा, आणि खालच्या बंधाऱ्याचे बर्गे काढल्याची नोंद. 'रस्ता उंच करावा' हे शब्द कुठेही नकोत. दोन्हींची पोच घ्या. महिन्याभरात हालचाल नसली तर पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, तिथे कोणा गावकऱ्याच्या नावाने, तालुक्याच्या लोकशाही दिनाचं टोकन लावून अर्ज नेऊन ठेवा. तिथे सगळ्या खात्यांचे अधिकारी एकाच टेबलाभोवती असतात. 'आमचं नाही' म्हणणाऱ्याला 'मग कोणाचं' हे शेजारच्याच्या तोंडावर सांगावं लागतं.

आणि उद्या सकाळी टेप घेऊन ओढ्यावर जा. नळ्या किती, आतला व्यास किती, त्यातला किती भाग गाळाने भरलाय, नळीच्या माथ्यापासून रस्ता किती उंच, गेल्या पुराची खूण झाडावर किंवा खांबावर कुठे आहे, एवढं मोजून कळवा. गाव नकाशाची प्रत मिळाली तर तीही पाठवा. पाणलोट मी काढून देतो.